पेनीचा रंग : एका चुकीची दुरुस्ती

काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात मी ब्रिटिश नाण्यांवर लेख लिहिला होता. त्यात एक वाक्य असे होते : दुसऱ्या महायुद्धात कथील मिळेनासे झाले, म्हणून पेनीच्या धातूतले कथील कमी केले गेले आणि त्यामुळे १९४४ ते १९४६ सालच्या पेन्या काळपट निघाल्या. वाक्य सुटसुटीत होते. कारण आणि परिणाम एका दमात सांगून मोकळे होणारे. लेखातले तेवढेच वाक्य पुढे दोघातिघांनी उचलले, आणि त्याचे मला तेव्हा बरेही वाटले होते.

अंक निघून तीन महिने झाले आणि पोस्टाने एक पाकीट आले. पाठवणारे गृहस्थ मला अनोळखी होते. आत पुठ्ठ्याच्या तुकड्यावर चिकटपट्टीने बसवलेले एक नाणे होते : १९४४ सालची हाफपेनी, म्हणजे अर्ध्या पेनीचे नाणे. सोबत एवढीच ओळ : ‘धातू तोच, साल तेच. मग ही लाल का?’

नाणे खरोखरच लाल होते. नव्या तांब्याच्या तांब्यासारखे लखलखीत नव्हे, पण अक्षरांच्या कडांना मूळची झळाळी शाबूत होती. मी ते उलटसुलट करून पाहिले, भिंगाखाली धरले आणि ठेवून दिले. उत्तर लिहायला मला बराच काळ लागला. हा लेख म्हणजे ते उत्तर आहे. त्यात माझ्या चुकीची कबुली आहे, आणि जुन्या काशाच्या नाण्यांच्या रंगाबद्दल आपण संग्राहक आणि अभ्यासक जे बोलतो त्याची झाडाझडतीही आहे.

मुळात पेनी कशाची?

१८६० पूर्वी इंग्लंडची पेनी निव्वळ तांब्याची होती. व्हिक्टोरिया राणीच्या तांब्याच्या पेनीचे वजन १८.८ ग्रॅम, व्यास ३४ मिलिमीटर. नाणे जड, आणि तांबे मऊ असल्यामुळे झिजेही लवकर. १८६० साली त्याची जागा काशाच्या पेनीने घेतली : वजन ९.४५ ग्रॅम, व्यास ३०.८ मिलिमीटर. एका पौंड वजनात पूर्वी २४ पेन्या बसत, आता ४८ बसू लागल्या. राणीचे चित्र लिओनार्ड चार्ल्स वायन यांनी कोरले. त्यात राणीचे केस मागे अंबाड्यासारखे बांधलेले आहेत, म्हणून संग्राहक या नाण्याला ‘बन पेनी’ म्हणतात. आपण अंबाड्याची पेनी म्हणू.

इथे ‘कासे’ हा शब्द जपून वापरायला हवा. आपल्याकडे कासे म्हटले की तळपायाला तूप चोळायची काशाची वाटी डोळ्यांपुढे येते. त्या काशात कथील पाचव्या हिश्श्याच्या आसपास असते, म्हणून वाटी पिवळट दिसते आणि टिचकी मारली की घुमते. पेनीच्या मिश्रधातूत शंभर भागांत ९५ भाग तांबे, ४ भाग कथील आणि १ भाग जस्त होते. म्हणजे रंगाने ती तांब्याचीच धाकटी बहीण. नवी असताना किंचित सोनेरी झाक असलेली लालसर, आणि वापरात आल्यावर तपकिरी.

हे प्रमाण कायम राहिले नाही. १९२३ पासून ते ९५.५ भाग तांबे, ३ भाग कथील आणि १.५ भाग जस्त असे झाले. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले, मलायाचे कथील जपानच्या हाती गेले, आणि युद्धकाळात पेनीच्या धातूतले कथील अर्ध्या टक्क्यावर आले. तांबे ९७ आणि जस्त २.५. मी माझे ते वाक्य याच आकड्यांवर उभे केले होते. आकडे बरोबर होते. चूक ‘त्यामुळे’ या एका शब्दात होती.

हाफपेनीची साक्ष

त्या अनोळखी वाचकाचा युक्तिवाद एका ओळीचा होता, पण त्यात पळवाट नव्हती. युद्धकाळातले कमी कथिलाचे मिश्रण पेनीलाही होते आणि हाफपेनीलाही. मिश्रणामुळेच काळेपणा येत असता तर हाफपेनीही टांकसाळीतून काळीच निघायला हवी होती. ती लाल आहे. आणि हे एखादे अपवादाचे नाणे नव्हे. त्या सालच्या न वापरलेल्या लाल हाफपेन्या बाजारात सहज मिळतात.

एवढ्यावर माझे वाक्य पडले असते, पण मी आणखी दोन बाजूंनी तपासले. पहिली बाजू उलटी आहे : कथील पुरेसे असूनही काळी, अशी पेनी आहे का? आहे. १९३४ सालची. तेव्हा युद्ध नव्हते, कथिलाची टंचाई नव्हती, मिश्रणात ठरलेले ३ भाग कथील होते. तरीही त्या सालच्या पेन्या काळपट आहेत. दुसरी बाजू पुढच्या काळातली. १९७१ साली दशमान पद्धतीची नवी छोटी पेनी आली. तिचे मिश्रण ९७ भाग तांबे, २.५ भाग जस्त, अर्धा भाग कथील, म्हणजे युद्धकाळात होते तेच. ती पेनी टांकसाळीतून कशी बाहेर आली? लाल, चकचकीत.

तेव्हा हिशेब असा : कथील भरपूर असून काळे नाणे आहे, कथील नगण्य असून लाल नाणे आहे, तेही दोन वेगळ्या काळांतले. कथिलाचा आणि काळेपणाचा संबंध इथे तुटतो.

मग काळेपणा आला कुठून? तो टांकसाळीने मुद्दाम दिलेला आहे. नाणी सोडियम थायोसल्फेटच्या द्रावणातून काढली जात. जुन्या छायाचित्रकारांना हा पदार्थ ‘हायपो’ या नावाने ठाऊक आहे. डार्क रूममध्ये फोटो पक्का करायला तोच लागे. त्यातले गंधक तांब्याशी संयोग पावते आणि पृष्ठभागावर तांब्याच्या सल्फाइडचा पातळ, गडद थर बसतो. आतला धातू जसा होता तसाच राहतो.

ही युक्ती युद्धाच्याही फार आधीची. १८९७ पासून सुमारे वीस वर्षे फार्दिंग, म्हणजे पाव पेनीचे नाणे, असेच काळे करून दिले जाई. कारण व्यवहारातले होते. फार्दिंगचा व्यास २० मिलिमीटर आणि सोन्याच्या अर्ध्या सॉव्हरिनचा १९ हून थोडा अधिक. नवे, चकाकणारे फार्दिंग संध्याकाळच्या उजेडात अर्धा सॉव्हरिन म्हणून खपवणे कुणालाही जमले असते. एका फार्दिंगची किंमत पौंडाचा ९६० वा हिस्सा, आणि अर्धा सॉव्हरिन म्हणजे अर्धा पौंड. फरक ४८० पटींचा. त्यामुळे त्या नाण्याचा रंग सरकारी हुकुमाने बदलला गेला. १९४४ ते १९४६ च्या पेन्या काळ्या करण्यामागे मात्र असे कारण सांगितले जाते की, चकचकीत नवी पेनी लोक जपून ठेवतात आणि ती व्यवहारात फिरत नाही. पेनीची १९४१, १९४२ आणि १९४३ ही साले कोरी गेली आहेत. त्या सालांची इंग्लंडची पेनी नाही. तीन वर्षांच्या खंडानंतर आलेले नवे नाणे लोकांनी डब्यात टाकू नये, ही काळजी समजण्यासारखी आहे.

वडिलांचा डबा

ही चूक माझ्या हातून केवळ वाचून झालेली नव्हती. तिला घरचे कारण होते.

माझे वडील बोटीवर इंजिनखात्यात आगवाले होते. रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावातून अशी माणसे मोठ्या संख्येने मुंबईला येत आणि बोट धरत. लंडनच्या गोदीत बोट लागली की हातात पडणारी चिल्लर त्यांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात साठवली होती. डब्यात दोन पुरचुंड्या होत्या. एकीत तपकिरी पेन्या, दुसरीत काळ्या. काळ्या वेगळ्या का ठेवल्या, असे मी लहानपणी विचारले होते. ते म्हणाले, “त्या खोट्या असतील रे. परत गेलो की दुकानात चालवून बघेन.” ते परत गेले नाहीत, आणि १९७१ च्या ऑगस्टअखेर जुनी पेनी चलनातूनच बाद झाली. त्यांच्या लेखी त्या पेन्या शेवटपर्यंत संशयितच राहिल्या.

दर दिवाळीला आई घरातली तांब्यापितळेची भांडी चिंच-मीठ लावून घासायची. एका वर्षी तिने डबाही उतरवला आणि तपकिरी पुरचुंडीतल्या पेन्या घंगाळाबरोबर घासून काढल्या. उन्हात फडक्यावर वाळत घातलेल्या त्या गुलाबी चकत्या मला अजून दिसतात. पुढे नाण्यांचे थोडे शिक्षण झाल्यावर मी घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत असे, की आईने माझा संग्रह बुडवला. चिंचेतले टार्टरिक आम्ल तांब्यावरचा ऑक्साइडचा थर विरघळवते आणि त्याबरोबर नाण्याचे वयही जाते, असे मी शास्त्रशुद्ध शब्दांत तिला ऐकवलेही होते. ती म्हणाली होती, “काळं घर लक्ष्मीला चालत नाही, काळा पैसा कसा चालेल?” तेव्हा मी हसलो होतो.

काळी पुरचुंडी तिच्या हातून सुटली होती. ती बुडवली मी. तो लेख लिहिताना, कमी कथिलाचा धातू आतून कसा दिसतो हे बघण्यासाठी मी १९४५ सालच्या एका पेनीची अर्धी बाजू घासली. काळा थर गेला आणि खाली लालसर धातू निघाला. त्या क्षणी पुरावा माझ्या हातात होता : काळेपणा वरवरचा आहे, आत नाही. पण मी ठरवून बसलो होतो, म्हणून मला त्यात दिसली ती फक्त ‘युद्धकाळातल्या मिश्रणाची लाली’. तपासणी करताना निष्कर्ष आधी ठरलेला असला की समोरचे नाणेही आपल्याच बाजूने बोलू लागते.

वर्णनांची परीक्षा

आता इतरांकडे वळतो, आणि आधी त्यांचे ऋण मानूनच.

या नाण्यांच्या अभ्यासाचा पाया दोन ग्रंथांनी घातला. सी. विल्सन पेक यांची ब्रिटिश म्युझियममधल्या तांबे, कथील आणि काशाच्या इंग्लिश नाण्यांची सूची १९६० साली आली. मायकल फ्रीमन यांचा ग्रेट ब्रिटनच्या काशाच्या नाण्यांवरचा ग्रंथ १९७० चा. त्यांनी ठशांच्या जोड्यांना क्रमांक दिले आणि कोणती जोडी किती दुर्मीळ हे पायऱ्यांनी मांडले. त्या क्रमांकांमुळेच आज जगाच्या दोन टोकांचे संग्राहक एकमेकांना पत्रातून नाणे ओळखून दाखवू शकतात.

पण या परंपरेने अभ्यासकाच्या डोळ्याला एक वळण लावले. ठसा मोजता येतो : मुकुटातली पाने किती, सालाच्या आकड्यांमधले अंतर किती, कोणते अक्षर कोणत्या मण्यासमोर येते. रंग मोजता येत नाही. म्हणून रंग टिपणांत गेला, आणि टिपणांतून व्यापाऱ्यांच्या विशेषणांत. ठसा हा नाण्याच्या जन्माचा दाखला असतो. रंगात जन्मही असतो आणि पुढचे आयुष्यही. ज्यात दोन्ही मिसळले आहे ते वेगळे करणे कठीण, म्हणून ते सोडून दिले गेले. माझी तक्रार कष्ट टाळल्याची नाही. तक्रार अशी आहे की रिकामी राहिलेली जागा बाजाराने भरली.

बाजाराने ती कशी भरली, ते प्रतवारीत दिसते. अमेरिकेतून आलेल्या आणि आता सगळीकडे रुळलेल्या पद्धतीत तांब्याच्या नाण्यांचे रंगावरून तीन वर्ग पडतात : लाल, लालतपकिरी आणि तपकिरी. मूळची लाली जितकी उरली तितकी किंमत जास्त. यामागचे गृहीत असे, की प्रत्येक नाणे जन्मतः लाल असते आणि रंग बदलणे म्हणजे उतरती कळा. साध्या पेनीला हे लागू पडते. पण १९४५ च्या पेनीचे काय? तिचा टांकसाळीतून निघतानाचा रंगच गडद. तिच्या बाबतीत गडदपणा हे मूळ रूप आहे आणि लाली ही नंतरची लुडबूड. या तीन खणांत तिला प्रामाणिक जागाच नाही. उलट कुणी तिचा थर घासून काढला तर ती ‘लाल’ खणाच्या जवळ जाते आणि अनभिज्ञ गिऱ्हाईक तिला अधिक पैसे देते. जी पद्धत चांगल्या नाण्याला खालचा भाव आणि नासवलेल्याला वरचा भाव देऊ शकते, ती पद्धत सुधारायला हवी. निदान हायपोच्या नाण्यांसाठी चौथा खण हवा.

दुसरा दोष शब्दांचा. ‘चॉकलेटी’, ‘ऑलिव्ह’, ‘मधाळ’ असे शब्द विक्रीच्या याद्यांत येतात. ते दिसण्याचे वर्णन करतात, कारणाचे नाही. आणि वाचणारा मात्र त्यातून कारण काढतो. पिवळसर पेनी दिसली की ‘पितळी मिश्रण, टांकसाळीची चूक’ असे म्हणून ती दुर्मीळ ठरवली जाते. अशी नाणी मी जवळून पाहिली आहेत. त्यांतल्या बहुतेकांवर कुणीतरी नंतर मुलामा चढवला होता, किंवा ती आगीत सापडली होती. कडेच्या खाचेत भिंग लावले की आपल्या म्हणीप्रमाणे पितळ उघडे पडते, किंवा अधिक नेमके सांगायचे तर पितळाखालचे कासे उघडे पडते.

धातूतच असलेला रंग

मग सगळे रंग वरवरचेच, आणि धातूचा काहीच वाटा नाही, असे म्हणायचे का? तसे म्हटले तर मी दुसऱ्या टोकाची तीच चूक करीन.

काही पेन्यांवर लाकडाच्या फळीवर दिसतात तसे पट्टे दिसतात : एक पट्टा गडद तपकिरी, त्याला लागून फिकट पिवळसर, पुन्हा गडद. हे पट्टे समजायला नाणे घडण्याची रीत आठवावी लागते. तांबे, कथील आणि जस्त वितळवून त्याच्या कांबी ओतत. त्या कांबी रुळांमधून पुन्हा पुन्हा दाबून लांब पट्टी करत. पट्टीतून गोल चकत्या कापत, त्या तापवून मऊ करत, आम्लात धुऊन वाळवत आणि मग दोन ठशांमध्ये दाबत. वितळलेला रस नीट ढवळला गेला नसेल तर कांबीत कुठे कथील-जस्त जास्त, कुठे तांबे जास्त असे राहते. रुळांखाली कांब लांबली की तो असमानपणाही लांबतो, जशी पोळी लाटताना पिठातली गुठळी एकाच दिशेला ओढली जाते. नाणे नवे असताना फरक जेमतेम दिसतो. वर्षे जातात, हवा आणि हात लागतात, आणि वेगवेगळ्या मिश्रणाचे पट्टे वेगवेगळ्या वेगाने काळवंडतात. तेव्हा जन्माची खूण उमटते.

हा पट्टा जन्माचा की नंतरचा, हे ठरवायला मी चार प्रश्न विचारतो. पट्टे एकमेकांना समांतर आहेत का? ते राणीच्या गालावरून, अक्षरांवरून आणि मोकळ्या जागेवरून न तुटता जातात का? दोन्ही बाजूंना त्यांची दिशा एकच आहे का? आणि एकाच ठशाच्या वेगवेगळ्या नाण्यांवर पट्ट्यांचा चित्राशी होणारा कोन वेगवेगळा आहे का? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. पट्टीतून कापलेली चकती यंत्रात कोणत्याही कोनात पडते. त्यामुळे दोष पट्टीचा असेल तर कोन नाण्यागणिक बदलेल. दोष ठशाचा असेल तर तो प्रत्येक नाण्यावर त्याच जागी येईल. पाचव्या जॉर्जच्या पेनीवर ब्रिटानियाच्या भोवती राजाच्या डोक्याची पुसट सावली दिसते, ती या दुसऱ्या प्रकारातली. मोठ्या डोक्याचा ठसा धातू आपल्याकडे ओढून घेई आणि मागची बाजू तिथे अपुरी उठे. संग्राहक तिला ‘भूत’ म्हणतात. १९२० च्या दशकाच्या अखेरीस राजाचे चित्र बदलल्यावर ते भूत उतरले. त्या सावलीचा मिश्रणाशी संबंध नाही, जरी रंगात ती दिसते.

चारही उत्तरे जुळली तरी मी ‘बहुधा’ म्हणतो, कारण आम्लात धुतलेली चकती नीट वाळली नाही तरी डाग राहतात. पण चारांपैकी तीन उत्तरे उलटी आली, तर तो पट्टा जन्माचा नाही असे ठामपणे म्हणता येते. रंगाच्या पुराव्याचा उपयोग असाच आहे : सिद्ध करण्यापेक्षा बाद करण्यासाठी अधिक.

आणखी एक गोष्ट भट्ट्यांची. सगळ्या पेन्या लंडनच्या शाही टांकसाळीत पडलेल्या नाहीत. १८६० च्या बदलाच्या वेळी बर्मिंगहॅमच्या राल्फ हीटन यांच्या आणि जेम्स वॉट यांच्या नावाच्या कंपन्यांना काम दिले गेले. पुढे १८७४ पासून मधूनमधून, आणि १९१२, १९१८, १९१९ साली हीटनच्या पेन्यांवर सालाजवळ ‘एच’ अक्षर येते. १९१८ आणि १९१९ च्या काही पेन्यांवर किंग्ज नॉर्टन कंपनीचे ‘केएन’. भट्टी वेगळी, ढवळणारा वेगळा, वाळवण्याची रीत वेगळी. रंगांचा अभ्यास करायचाच तर तो या अक्षरांप्रमाणे गट पाडून करावा. सुट्या, देखण्या नाण्यांवरून नव्हे. साध्या, न धुतलेल्या, मोठ्या ढिगावरून.

यंत्राचा भरवसाही बेताने ठेवावा. क्ष-किरणांनी नाणे न खरवडता धातूचे प्रमाण काढता येते, पण ते किरण पृष्ठभागाच्या अगदी थोड्या खोलीचे सांगतात. ज्या थराबद्दल आपल्याला शंका आहे, नेमका तोच थर मोजला जातो. तराजूही मदत करत नाही, कारण मिश्रण बदलले तरी ९.४५ ग्रॅमचे वजन टांकसाळीने कायम राखले.

आपल्या पैशाकडे

मराठी वाचकाला हे सगळे दूरचे वाटू नये. १९०६ साली आपल्याकडचा पाव आण्याचा पैसाही तांब्याचा काशाचा झाला आणि ६.४७ ग्रॅमवरून ४.८६ ग्रॅमवर उतरला. १९४३ चा भोकाचा पैसा युद्धातल्या धातुटंचाईचे अपत्य. या पैशांचे रंगही तितकेच भिन्न आहेत : गाडग्यात पुरलेले हिरवे, देव्हाऱ्यातले तेलकट काळे, करगोट्यात ओवून घामाने झिजलेले. आणि तिथेही सुटसुटीत वाक्ये ऐकू येतात. ‘युद्धातला पैसा म्हणून धातू हलका, म्हणून काळा’. माझ्या चुकीचा तो सख्खा भाऊ आहे. आपल्या पैशांसाठी हाफपेनीसारखा साक्षीदार शोधायला हवा : त्याच सालचे, त्याच धातूचे, वेगळ्या नशिबाचे नाणे. तोवर ‘म्हणून’ हा शब्द उसना घेऊ नये.

हिरव्याबद्दल एक व्यवहाराची सूचना. सगळे हिरवे सारखे नसते. घट्ट, गुळगुळीत हिरवा थर नाण्याचे रक्षण करतो. त्याला हात लावू नये. पण नखाने भुकटी निघणारे फिकट हिरवे ठिपके हा रोग आहे. मिठातले क्लोराइड तांब्यात शिरते आणि दमट हवेत ते धातू खात राहते. कोकणातल्या आणि मुंबईच्या पावसाळ्यात हा रोग झपाट्याने वाढतो. असे नाणे बाकीच्यांपासून वेगळे करून कोरड्या डबीत ठेवावे. आणि चिंच-मीठ लावू नये. चिंच थर काढते आणि मीठ रोगाला खाऊ घालते. इंग्लंडमध्येही पोरे व्हिनेगरचा ब्राउन सॉस लावून पेन्या चमकवत. कृती वेगळी, हौस तीच.

आईने घासलेल्या पेन्या मी गेल्या वर्षी पुन्हा काढल्या. इतक्या दिवाळ्यांनंतर त्या परत तपकिरी झाल्या आहेत. पहिल्यासारख्या नव्हेत, रंग सपाट आहे, कडांशी ठिपके आहेत. त्यांना ‘मूळ’ कुणी म्हणणार नाही. तरी घंगाळाशेजारच्या त्या सकाळपासून पुढचे आयुष्य त्यांच्यावर नोंदले गेले आहे, आणि मी ते आता नुकसानीच्या खात्यावर मांडत नाही. आई नाही, त्यामुळे हे तिला सांगायचे राहिले.

वडिलांचा हिशेब मात्र पुरा करता येतो. काळ्या पुरचुंडीतल्या पेन्या मी एकेक करून पाहिल्या. सगळ्या १९४४ ते १९४६ च्या. एकही खोटी नाही. त्यांना वेगळे काढले ते बरोबर होते, फक्त कारण चुकले होते. आणि त्यांच्यानंतर त्याच पेन्यांना चुकीचे कारण चिकटवणारा दुसरा मी.

१९४५ ची ती पेनी माझ्या टेबलावर आहे : अर्धी काळी, अर्धी माझ्या हाताने सोललेली. सोललेला भागही आता तपकिरीकडे झुकला आहे, पण दोहोंमधली रेघ स्पष्ट दिसते. तिच्या शेजारी पुठ्ठ्यावरची हाफपेनी. ती परत पाठवण्यासाठी मी त्या गृहस्थांच्या पत्त्यावर पत्र टाकले होते. त्यांचे उत्तर आले : ‘ठेवा तुमच्याकडेच. पुढच्या लेखाच्या वेळी उपयोगी पडेल.’